मावशी, खडीसाखर आणि विहिरीचं पाणी

माझी आई दीड वर्ष घरात नव्हती, तेव्हा आम्हाला मावशीनं सांभाळलं. मी सात वर्षांची होते, धाकटा भाऊ तीनचा. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही नागपूरला अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत राहायचो. वडील मालधक्क्यावर कारकून होते. आईला टीबी झाला, तिला सरकारी दवाखान्यात टीबीच्या वॉर्डात ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी आईची धाकटी बहीण पत्र्याची पेटी आणि तांदळाचं गाठोडं घेऊन चांद्याकडच्या गाडीतून उतरली.

मावशी आईपेक्षा बारा वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा चोवीसची असेल. उंच, सावळी, आणि आवाज असा की हाक मारली तर तीन क्वार्टरं पलीकडे ऐकू जावी. पण हसताना ती पदर तोंडावर धरायची. तिच्या दातांवर तपकिरी डाग होते. पुढच्या चार दातांवर तर आडवे पट्टेच होते. दोन ठिकाणचे लोक तिला पाहून गेले होते आणि दोन्हीकडून नकार आला होता. मुलगी दात घासत नाही असं दिसतं, असं एकानं चक्क निरोपात कळवलं होतं. हे मला फार नंतर समजलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं, की ती सगळ्यांच्या आधी उठते आणि मागच्या नळावर राखुंडीनं, कधी विटकरीच्या भुकटीनं, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर दात घासते.

आई दवाखान्यात गेल्यावर पहिले आठ दिवस मी झोपायच्या वेळेला रडत होते. माझं बघून भाऊ रडायचा. मावशीला लेकरं वाढवायची सवय नव्हती. तिनं गोष्टी सांगून पाहिल्या, खांद्यावर घेऊन अंगणात फिरवून पाहिलं. मग एका संध्याकाळी तिनं डब्यातून खडीसाखरेचा खडा काढला आणि माझ्या गालात ठेवला.

"चावजो नको. चोखत राह्य. खडा सरेपर्यंत तुले झोप लागते पाय."

आणि झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी रडायच्या आधीच तोंड उघडलं. भावाला दुधाची काचेची बाटली होती. त्या दुधात मावशी दोन चमचे साखर घालायची आणि बाटली तोंडात धरूनच तो झोपी जायचा. साखर तेव्हा रेशनवर मिळायची. मावशी स्वतः गुळाचा चहा प्यायची आणि साखर आमच्यासाठी राखून ठेवायची. गालात तो खडा, डोक्यावरून फिरणारा तिचा खरखरीत हात, आणि बाहेर शंटिंगच्या इंजिनाचा आवाज. इतकं गाढ मी पुन्हा कधी झोपले नाही.

रविवारी दुपारी वडील आम्हाला आईकडे न्यायचे. मुलांना वॉर्डात सोडत नसत. आम्ही खाली कडुनिंबाच्या पारापाशी उभे राहायचो आणि आई वरच्या मजल्यावर कठड्याशी येऊन उभी राहायची. ती आम्हाला गाणं म्हणायला सांगायची, पाढे म्हणायला सांगायची. पावसाळ्यातला एक रविवार होता. आई वरून म्हणाली, "हस ना रे राजा, मले पाहू दे तुह्यं हसू."

भाऊ मान वर करून, तोंड भरून हसला.

आई कठड्यावरून वाकली. "त्याच्या दाताले काय झालं वं? काळे काहून दिसून राहिले?"

मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. मग तिनं नेहमीच्या मोठ्या आवाजात उत्तर दिलं, "जांभळं खाल्ले त्यानं, ताई! अर्धा शेर खाल्ले!"

आई हसली. वडीलही हसले. त्या वर्षी आमच्या घरात अजून एकही जांभूळ आलं नव्हतं, हे मला माहीत होतं. घरी आल्यावर मावशीनं भावाला दारातल्या उजेडात उभं केलं, त्याचा वरचा ओठ उचलला आणि पाहत राहिली. समोरचे चारही दात हिरडीजवळ करवतीनं खाल्ल्यासारखे झाले होते.

"ताईनं माह्या भरवशावर लेकरं ठेवले," ती म्हणाली. ते मला म्हणाली की स्वतःलाच, कोण जाणे.

चारच दिवसांनी माझी दाढ ठणकायला लागली. उजव्या बाजूची, खालची. मावशीनं लवंगेचं तेल कापसावर घालून दाबलं. शेजारच्या काकूंनी तंबाखूची मशेरी लावायला सांगितली, ती लावून मला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी गाल सुजला. त्याच दुपारी गल्लीत दातातले किडे काढून देणारी बाई हाक देत आली, आणि मावशी अनवाणी धावत जाऊन तिला घेऊन आली.

त्या बाईनं निखाऱ्यावर तुपासोबत भुईरिंगणीचं बी टाकलं, धुरावर करवंटी पालथी घातली आणि करवंटीला लावलेली नळी माझ्या तोंडात धरली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नळीखाली पाण्याची वाटी होती. थोड्या वेळानं वाटीत पांढरे, बारीक, वळवळल्यासारखे तुकडे तरंगू लागले. शेजारणी तोंडाला पदर लावून बघत होत्या. मावशीनं सात किडे मोजले. ते तिनं कागदाच्या पुडीत बांधून देव्हाऱ्याखाली ठेवले, आणि माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "गेले वं माय, सारे गेले."

संध्याकाळपर्यंत माझा डोळा मिटण्याइतका गाल सुजला. वडील ड्यूटीवरून आले, माझ्याकडे पाहून त्यांनी टोपी खुंटीला लावलीच नाही. "उद्या हिले दवाखान्यात ने," ते मावशीला म्हणाले. "माह्यी बदली ड्यूटी हाय, मले येता येत नाही. आता घरचे उपाय बस झाले."

दातांचा विभाग आईच्याच दवाखान्याच्या आवारात होता. मावशी आम्हा दोघांना घेऊन सकाळी सातलाच जाऊन बाकावर बसली. आम्हाला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या शिकून नुकत्याच लागलेल्या असाव्यात. पांढऱ्या कोटाखाली निळी साडी, नाकावर घसरणारा चष्मा. त्यांनी माझा गाल पाहिला, आत आरसा घालून दात पाहिले आणि किती दिवस झाले ते विचारलं. मावशीनं सगळं सांगितलं आणि कनवटीची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"किडे काढले हो बाई मी. सात निघाले. एखादा आत राहिला असंल, तेवढा काढून द्या."

मला वाटलं डॉक्टरीणबाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पुडी उघडली आणि चिमट्यानं एक तुकडा उचलून खिडकीपाशी धरला. "बाई, इकडे या. हा किडा आहे का बघा बरं. याला डोकं आहे? शेपटी आहे?" मावशी वाकून पाहू लागली. "हे बी आहे. तुमच्यासमोर जे निखाऱ्यावर टाकलं ना, तेच. उष्णतेनं फुटतं आणि आतला पांढरा भाग बाहेर येतो. किडा दातात नसतोच."

"मंग दात खाल्ले कोनं?"

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढून मावशीला बसवलं. बाहेर चाळीसेक माणसं ताटकळत होती, तरी त्यांनी तिला बसवलं, हे मला आजही आठवतं. "तोंडात साध्या डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. साखर मिळाली की ते तिचं आंबट करतात आणि त्या आंबटानं दात झिजतो. दिवसा थुंकी ते धुऊन काढते. झोपेत तोंडात थुंकी कमी सुटते. झोपताना या मुलांच्या तोंडात काय असतं?"

मीच सांगितलं, कारण मला वाटलं यात काही वाईट नाही. "खडीसाखर. आणि त्याला बाटली."

मावशी खाली बघत राहिली. मग तिच्या हातावर टपटप पाणी पडलेलं मी पाहिलं. "आई पाहिजे म्हनून रडत होते हो लेकरं," ती म्हणाली. "माह्याजवळ दुसरं काय होतं द्यायले?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आणलंत ना त्यांना. पुष्कळ जणी दात पडून जातील म्हणून आणतच नाहीत."

त्या दिवशी त्यांनी फक्त सूज उतरायच्या गोळ्या दिल्या. पाच दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा हिरडीत सुई देऊन ती दाढ काढली. मला दुखल्याचं आठवत नाही, कडकन आवाज झाला तेवढा आठवतो. भावाच्या काळ्या दातांना त्यांनी कसलंसं औषध लावलं. दात काळेच राहतील, पण कीड पुढे जाणार नाही, म्हणाल्या. मग माझ्या तोंडात सगळ्यात मागे बोट लावून त्यांनी मावशीला दाखवलं.

"ही दाढ बघा. ही कधी आली ते घरात कोणाला कळलं तरी का? सहाव्या-सातव्या वर्षी ही गुपचूप मागून येते. लोकांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल. ही पडायची नाही. ही जन्मभराची. आणि हिला आत्ताच खड्डा पडलाय."

तो खड्डा त्यांनी पायानं चालवायच्या मशीननं कोरला. त्यांचा पाय शिलाई मशीनसारखा खालीवर व्हायचा आणि माझ्या कवटीत घरघर व्हायची. मावशी माझे दोन्ही पाय धरून उभी होती. नंतर त्यांनी काचेच्या छोट्या खलात चांदीची भुकटी आणि पारा खलला, कापडात पिळला आणि खड्ड्यात दाबून भरला. "झालं. दोन तास काही खाऊ नको."

निघायच्या वेळी डॉक्टरीणबाई मावशीला म्हणाल्या, "आता तुम्ही बसा. तुमचेही बघते."

मावशी दारापर्यंत मागे सरली. "माह्ये नका पाहू. माह्ये घाण हायत."

"बसा तर."

मी आणि भाऊ बाकावरून बघत होतो. त्यांनी आरशानं एकेक दात पाहिला, वरचे, खालचे, मागचे. बराच वेळ लागला. "एकाही दाताला कीड नाही तुमच्या," त्या म्हणाल्या. "हे डाग घाणीचे नाहीत. कोणत्या गावच्या तुम्ही? पाणी कुठलं प्यायचात लहानपणी?"

"शेतातल्या विहिरीचं. आमच्या बाबानं खंदली. मी झाली त्याच साली पानी लागलं तिले. बाबा म्हने, पोरीच्या पायगुनाचं पानी हाय."

"त्या पाण्यात फ्लोराइड नावाचं द्रव्य जास्त असणार. दात हिरडीच्या आत तयार होत असताना असलं पाणी पोटात गेलं की असे डाग पडतात. बाहेरून कितीही घासा, ते निघायचे नाहीत."

"पन माह्या ताईचे तं पांढरेशुभ्र हायत. एकाच मायच्या लेकी आमी."

"ताई किती मोठ्या?"

"बारा वर्सांनी."

"मग विहीर झाली तेव्हा त्यांचे बहुतेक दात तयार झालेले होते. त्याआधी कुठलं पाणी होतं?"

"नदीचं," मावशी हळूच म्हणाली. मग थांबून म्हणाली, "आमच्या सालदाराच्या पोराइचेबी असेच हायत. आमी म्हनत होतो, त्याइच्या घरी दात घासाची रीतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिला विटकरीची भुकटी बंद करायला सांगितली. त्यानं हिरड्या सोलवटतात आणि दात झिजतात, दुसरं काही होत नाही. मावशी मान हलवत होती. बाहेर आलो तेव्हा ती नळापाशी थांबली, तोंडावर पाणी मारलं आणि तशीच उभी राहिली. मला भूक लागली होती, मी तिचा पदर ओढत होते. "थांब ना वं," ती म्हणाली. "चोवीस वर्सं घासले मी. थांब जराशी."

त्या दिवसापासून आमच्या घरात खडीसाखर बंद झाली. गोड खायचं ते जेवणासोबतच, जेवण झालं की संपलं. भावाची बाटली तिनं फोडून टाकली, त्याला वाटीनं दूध पाजायला लागली. संध्याकाळी जेवलो की ती आम्हाला मागच्या पायरीवर बसवायची, डोकं आपल्या मांडीवर घ्यायची, आणि आधी भावाचे, मग माझे दात घासायची. मी म्हणायचे, माझे मला येतात. ती म्हणायची, "डॉक्टरीनबाईनं सांगतलं, लेकराच्या हातानं मागचे दात घासल्या जात नाहीत. आ कर." त्यानंतर फक्त पाणी.

मी तिला फार छळलं. खडीसाखरेचा डबा शोधायला मी सगळं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. शाळेच्या फाटकाबाहेर संत्र्याच्या फाकेसारख्या गोळ्या मिळायच्या, त्या मैत्रिणीकडून मागून खाल्ल्या आणि तिनं रंगलेल्या जिभेवरून ओळखलं. ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, "जेवताना खा. मी आनून देतो. चोरून नको खाऊ." मी ओरडले, "तू माझी आई नाहीस!" तिचा ब्रश धरलेला हात थांबला. "नाही तं नाही," ती म्हणाली. "आ कर."

झोप मात्र येईना. मग ती माझ्या शेजारी आडवी व्हायची आणि दिवसभरात गल्लीत काय काय झालं ते सांगायची. कोणाची शेळी कोणाच्या कोबीत शिरली, सकाळी कोणत्या गाडीला किती उशीर झाला. त्यात मजेशीर असं काही नसायचं, आणि ऐकता ऐकता माझे डोळे मिटायचे.

पुढच्या रविवारी ती एकटी वर, वॉर्डात गेली. आईनं मला हे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. मावशी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "ताई, मी खोटं बोलली. ते जांभळं नोहोते." सगळं ऐकल्यावर आई म्हणाली होती, "जाऊ दे वं, दुधाचे दात, पडून नवे येतात." त्यावर मावशीला रडू कोसळलं. "नवे कवाचेच आले हायत ताई, मांगं. मले दिसलेच नाहीत."

आई बरी होऊन परत आली तेव्हा मी साडेआठ वर्षांची होते. घरात पेढे आले. आईनं मला जवळ ओढलं तर माझं अंग ताठ झालं, तिला दवाखान्याचा वास येत होता. मी मावशीच्या मागे जाऊन उभी राहिले. आईचा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही. मावशीनं पाहिला असणार, कारण तिनं मला दंडाला धरून पुढे केलं आणि त्याच आठवड्यात गावी जायचं काढलं. वडील म्हणाले, दिवाळीपर्यंत राह्य. ती नाही म्हणाली. जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं आईला पायरीवर बसवून ब्रश कसा धरायचा, मागे कुठपर्यंत न्यायचा ते दाखवलं. आई माझे दात घासत होती आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले होते, म्हणजे हात मावशीचा आहे असं वाटेल. आईचा हात हलका होता. वाटलं नाही.

काही महिन्यांनी ती चार दिवसांसाठी आली होती, तेव्हा आमच्याच क्वार्टरात तिला पाहायला एक मंडळी आली. मावशी चहाचा ट्रे ठेवून सरळ त्यांच्यासमोर बसली आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "माह्ये दात असे आमच्या विहिरीच्या पान्यानं झाले. किडलेला एकबी नाही." त्यांनी तरीही नकार दिला. पण मी दाराआडून पाहत होते, ती पदर न घेता बोलली होती. वर्षभरानं भंडाऱ्याकडच्या एका गावच्या शिक्षकाशी तिचं लग्न झालं. त्यांची पहिली बायको वारली होती, दोन मुलं होती. त्यांनी तिला विचारलं होतं म्हणे, पोरं सांभाळता येतील का. ती म्हणाली, "येतात. चुका करून शिकली मी."

मी तिच्याकडे गेले ते मॅट्रिकच्या सुट्टीत. किती तरी वर्षं जायचं जायचं म्हणत राहून गेलं होतं. तिचं घर धानाच्या बांधाला लागून होतं. संध्याकाळी जेवणं झाली आणि तिनं मागच्या दारी पाट मांडला. धाकट्या पोरानं येऊन तिच्या मांडीवर डोकं टाकलं. तो कटकट करत नव्हता. हात खांद्याखाली घालून तिनं त्याची हनुवटी वर केली, आणि सवयीनं त्यानं तोंड उघडलं. मी चुलीपाशी उभी राहून पाहत होते. सोळा वर्षांची, साडी नेसलेली मुलगी मी, आणि मला त्या पोराचा इतका राग आला की मला तिथून निघून जावं लागलं.

ती मागोमाग आली. "काय झालं वं?"

"काही नाही."

"आई बरी हाय ना?"

"बरी आहे."

तिला कळलं असेल का, मला माहीत नाही. ती माझ्या बाजूला बसली आणि गावातल्या गोष्टी सांगत राहिली. तू इथं काहून आलीस, आमच्याकडेच का राहिली नाहीस, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आत तिचे दोन मुलगे अंथरुणं घालत होते. मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं मला एसटीत बसवून दिलं. परतल्यावर मी भावाला विचारलं, तुला मावशीचं काय आठवतं रे? तो तेव्हा बारा वर्षांचा, पुढचे दात सगळे नवे, पांढरे. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "ती आपल्याकडे राहायची, असं तूच सांगत असतेस ना?" मग तो सायकल घेऊन खेळायला गेला. आई आत भाकऱ्या करत होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले आणि मावशीच्या घरचं सगळं सांगितलं, बांध, पाट, ती दोन मुलं. आई तव्याकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुले तिच्याकडं राहाचं असंल तं पुढच्या सुट्टीत महिनाभर राहून ये. मी काही म्हनत नाही."

मी गेले नाही.